धुराचा घास

आस्वाद, रुची, रस, चर्वणा. मराठी समीक्षेचे हे नित्याचे शब्द जिभेवरून आलेले आहेत, याचा आपल्याला सहसा विसर पडलेला असतो. शालेय प्रश्नपत्रिकेतला ‘रसग्रहण करा’ हा प्रश्न सोडवताना कुणाच्या तोंडाला पाणी सुटल्याचे ऐकिवात नाही. भरतमुनींनी मात्र नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना समजावताना नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचाच दृष्टांत दिला, आणि अभिनवगुप्तांनी काव्यानुभवाला चर्वणा, म्हणजे चक्क चघळणे, म्हटले. अन्नाचा दृष्टांत उत्तमच आहे. पण त्यात एक अडचण राहते. अन्न पोटात जाते, भूक भागते, आणि भूक भागवणे म्हणजे आस्वाद नव्हे. म्हणून आम्हाला अलीकडे दुसराच एक दृष्टांत खुणावत राहतो, तो धुराचा. उत्तम चिरूट ओढणारा जाणकार धूर गिळत नाही, छातीतही ओढत नाही. तो धूर तोंडात घेतो, क्षणभर घोळवतो आणि सोडून देतो. पोटात काही जात नाही, हाती काही उरत नाही. शुद्ध आस्वादाची याहून नेमकी प्रतिमा कोणती असणार? असे आम्ही पुष्कळ दिवस समजत होतो. आजही ही प्रतिमा आम्हाला प्रिय आहे. पण तिची किंमतही आम्ही घरातच पाहिली आहे.

चिरूट हा शब्द मूळचा तमिळ. ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. तो युरोपीयांच्या तोंडी जाऊन जगभर हिंडला. तिरुचिरापल्लीचे चिरूट तर एकोणिसाव्या शतकात इतके प्रसिद्ध होते, की १८८७ सालच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये शेरलॉक होम्स केवळ राखेवरून खुनी ‘त्रिचनापल्ली’ ओढत होता हे ओळखतो. राखेचाही अभ्यास करणारा हा वाचक समीक्षकांनी आपल्यातलाच मानायला हरकत नाही.

आमच्या पनवेलच्या घरात चिरूट आला तो मामांमुळे. ते व्यापारी जहाजावर इंजिनखात्यात होते. निवृत्त होऊन परतताना त्यांनी देवदारी लाकडाची एक पेटी आणली आणि पुढेही ओळखीच्या खलाशांकरवी ती भरती ठेवली. पनवेलच्या पावसाशी त्या पेटीचे वैर होते. चिरुटाला हवेत पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता मानवते. आषाढात आमच्याकडे पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर आणि चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते, तिथे तंबाखूच्या पानांची काय कथा! मामा पेटी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवत आणि दर रविवारी लोणच्याच्या बरणीसारखी उघडून पाहत.

रात्रीची जेवणे झाली, की ओसरीवर त्यांचा विधी चाले. डोक्याकडचे टोक धारदार पात्याने बेताने छाटायचे. पायाकडचे टोक ज्योतीला न टेकवता, फिरवत फिरवत शेकायचे. मग मिनिटाला एखादाच झुरका. घाई केली की पान तापते आणि चव कडवटते. आम्ही शेजारी बसून नुसते पाहत असू. पुढे वय झाल्यावर दोन-चार वेळा त्यांनी आमच्याही हाती एक दिला. “अरे, छातीत ओढू नकोस. ही काय विडी आहे? तोंडात धर, ऐक,” असे ते म्हणत. चवीच्या बाबतीत ‘ऐक’ हा शब्द वापरणारा दुसरा माणूस आम्हाला भेटलेला नाही.

आणि खरोखर, ऐकण्यासारखे पुष्कळ असते. चिरुटात पानांचे तीन थर: आतले भरण, त्याला बांधून ठेवणारे पान, आणि वरचे नितळ वेष्टन. भरणातही रोपाच्या शेंड्याकडची जाड, जहाल पाने, मधली सुगंधी आणि बुडाकडची, नीट जळणारी हलकी पाने यांचा मेळ घातलेला असतो. त्यामुळे एकाच चिरुटाची चव तीन टप्प्यांत पालटते. पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात ती कोरडी आणि सौम्य, दुसऱ्यात भरदार, शेवटच्यात जड आणि तिखट. इंग्रजी मार्गदर्शिका या चवींना चामडे, देवदार, कोको अशी नावे देतात. मामांची नावे निराळी होती. पहिल्या हिश्श्याला ते ‘भाजलेल्या चण्याची साले’ म्हणत, दुसऱ्याला ‘जुन्या सागवानी कपाटाचा खण’, आणि मध्येच एखाद्या झुरक्याला ‘राब’. पावसाआधी रायगडच्या भातखाचरांत पालापाचोळा, शेण, कवळ रचून जो राब भाजतात, त्याचा धूर ज्याने घेतला आहे त्यालाच हा शब्द कळेल. आस्वादाची भाषा उसनी चालत नाही, हे आम्ही समीक्षेच्या कुठल्याही ग्रंथाआधी त्या ओसरीवर शिकलो. आपल्याकडे तर चवीच्या नावांतच गंमत आहे: संस्कृतातला कटू रस म्हणजे आपले तिखट, आणि तिक्त म्हणजे आपले कडू. शब्द तेच राहिले, जिभेने अर्थ फिरवले.

पनवेलचा आणखी एक धागा इथे जोडला पाहिजे. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली ‘श्री धूतपापेश्वर’ हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना याच गावात काढला, त्यामुळे औषध म्हटले की जुन्या पनवेलकराला काढे, भस्मे, आसवे आठवतात. आम्ही चरकसंहिता चाळली ती एका वेगळ्याच कामासाठी, आणि सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात थबकलो. तिथे चक्क चिरूट वळण्याची कृती आहे. चंदन, वेलची, वाळा, जटामांसी, गुग्गुळ अशा द्रव्यांचे वाटण बोरूसारख्या काडीवर लेपायचे. आठ अंगुळे लांब, अंगठ्याएवढी जाड, जवाच्या दाण्यासारखी मध्ये फुगीर अशी वर्ती करायची. वाळल्यावर आतली काडी काढून घ्यायची. मग तूप लावून, पेटवून, धूमनेत्र नावाच्या नळीतून तिचा धूर घ्यायचा. तंबाखूचा यात अर्थातच मागमूस नाही. ते अमेरिका खंडातले रोप, आपल्याकडे पोर्तुगिजांच्या मागोमाग आले. पण तोंडाने घेतलेल्या धुराला चरकाने जो शब्द वापरला आहे तो पाहून आम्ही हरखलो: ‘धूमकवल’. धुराचा घास!

त्याहून विलक्षण आहेत ते नियम. ताठ बसावे, मन त्याच ठिकाणी असावे, झुरके मोजून घ्यावेत. स्नानानंतर, जेवणानंतर, झोपेतून उठल्यावर, असे आठ काळ ठरलेले. तोंडाने घेतलेला धूर नाकावाटे कधीही सोडू नये, डोळ्यांना अपाय होतो, असेही बजावले आहे. गंमत म्हणजे आजचे चिरुटाचे रसिक नेमके उलट सांगतात: थोडा धूर नाकावाटे सोडा, कारण ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचाच असतो. चव कशी वाढेल हे रसिकाला पाहायचे असते, तर डोळ्यांचे काय होईल हे वैद्याला. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि हाच आमचा पेच आहे.

धूर कुणी घेऊ नये, याचीही चरकाने यादी दिली आहे. गर्भिणीने घेऊ नये, हे उघड आहे. पण पुढे: शोकाने व्याकुळ झालेल्याने घेऊ नये, थकलेल्याने घेऊ नये, जागरण झालेल्याने घेऊ नये, रागावलेल्याने घेऊ नये. वाचकहो, जरा थांबून पाहा. आज माणूस सिगारेट पेटवतो तो नेमका केव्हा? दुःखात, थकव्यात, रात्र जागताना, संतापाच्या भरात. जिथे शास्त्राने दार लावले, तिथूनच तलफ आत शिरली आहे. अभिनवगुप्तांनी रसास्वादाची सात विघ्ने सांगितली, त्यांतले एक ‘निजसुखादिविवशीभाव’. स्वतःच्या सुखदुःखाने विवश झालेल्या प्रेक्षकाला नाटकाचा रस लाभत नाही. वैद्य आणि काव्यशास्त्रज्ञ यांनी एकमेकांना न विचारता एकच अट घातलेली दिसते: आधी मोकळे व्हा, मग चाखा. आस्वादाला स्वस्थ मन लागते. तलफ अस्वस्थ मनावर जगते. आणि व्यसन या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ संकट असा आहे, हे कोशकारांना ठाऊक असते, व्यसनी माणसाला उशिरा कळते.

तंबाखूने या अटी कधी मानल्याच नाहीत. असद बेगने विजापुराहून तंबाखू नेऊन अकबराच्या दरबारात सादर केली, तेव्हा तिथल्या हकिमाने हरकत घेतली ती याच मुद्द्यावर, की या पदार्थाविषयी आपल्या ग्रंथांत काहीच सांगितलेले नाही. ग्रंथ नाही म्हणजे मात्राही नाही. जहांगिराने १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली. ती किती टिकली हे सांगायला नको. मात्रेचे भान बुद्धीने येते म्हणावे, तर फ्रॉइडचे उदाहरण आडवे येते. माणसाच्या वासनांचा एवढा थोर अभ्यासक दिवसाला वीसच्या आसपास सिगार ओढत असे. १९२३ साली त्याच्या तोंडात कर्करोग आढळला, पुढे १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटला नाही.

मामांच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला तो एका श्रावणात. “मी तर धूर गिळतच नाही,” असे त्यांनी डॉक्टरांना पुनःपुन्हा सांगितले. डॉक्टरांनी शांतपणे समजावले, की सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, म्हणून त्यातले निकोटीन बहुतेक फुफ्फुसातूनच रक्तात जाते. चिरुटाचा धूर अल्कधर्मी, तो तोंडाच्या अस्तरातूनच आपले काम करतो. आमची लाडकी प्रतिमा तिथे तुटली. धूर सोडून दिला म्हणून तो आपल्याला सोडत नाही. खारघरला, म्हणजे आज आमच्याच महापालिकेच्या हद्दीत, टाटा स्मारकाचे कर्करोग संशोधन केंद्र उभे आहे. तिकडच्या रस्त्याने जाताना ‘शुद्ध आस्वाद’ हा शब्द उच्चारायला जीभ कचरते.

मामांनी चिरूट सोडला, त्याच आठवड्यात. चट्टा पुढे बळावला नाही. पण रात्री नऊ वाजले, की त्यांचा हात डब्याकडे जाई आणि परत येई. तेव्हा त्यांनीच आम्हाला एक गोष्ट सांगितली, जी पुढे आम्ही पडताळून पाहिली. क्यूबात चिरूट वळणाऱ्या कामगारांना काम चालू असताना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखवणारा वाचक असतो. १८६५ साली हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात ही प्रथा सुरू झाली आणि वाचकाचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून देत. ड्यूमाच्या कादंबरीवरून एका प्रसिद्ध चिरुटाला ‘माँते क्रिस्तो’ हे नाव पडले, ते उगीच नव्हे. चिरूट ओढणाऱ्याआधी तो वळणाऱ्याने साहित्य चाखलेले असते. आपल्या सिन्नर-सोलापूरच्या घरांतून मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या वाट्याला तंबाखूची धूळ मात्र येते; तिचा आस्वाद कुणी लिहिलेला नाही.

“तर आता तू वाच,” मामा म्हणाले. मग रोज नऊ वाजता आम्ही वाचू लागलो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आम्ही अशीच सावकाश संपवली. प्रसंग ऐन रंगात आला, की मामा हात वर करीत: “पुरे. उरलेले उद्या.” चिरुटाचा शेवटचा तिसरा हिस्सा ते कधी ओढत नसत, विझवतही नसत, आपोआप विझू देत. ती सवय त्यांनी पुस्तकाला लावली.

साहित्य शिकवणाऱ्यांनी यातून काय घ्यावे, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण वाचनातही तलफ असते, हे आपण वर्गात सांगत नाही. पानामागून पान, पडद्यामागून पडदा सरकवत राहणे हे वाचन दिसते, असते मात्र निजदुःखावरचा उतारा. विद्यार्थ्याला रसग्रहण लिहायला सांगण्याआधी त्याला स्वस्थ बसायला, एका घासावर थांबायला आणि रंगात आलेले पुस्तक मिटायला शिकवता येईल का? वैद्यांनी धुरासाठी घातलेल्या अटी कवितेला लावून पाहायला काय हरकत आहे? कविता निदान गालाला चट्टा पाडत नाही.