शेजारी हवेत असे यंत्र

नवऱ्याला पोस्टाच्या तिकिटांचा छंद असेल तर तो कपाटाच्या एका खणात मावतो. हौशी रेडिओचा, म्हणजे ‘हॅम’चा असेल, तर आधी माळा जातो, मग छप्पर. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, अशा घरांच्या छपरांवर अलीकडे बशीसारखा किंवा चपट्या पाटीसारखा अँटेना दिसतो. त्यातून एकच केबल खाली घरात येते. वीजही तीतूनच वर जाते.

यंत्र बाजारात मिळणारेच, वाय-फायचे. त्यातली मूळ आज्ञावली पुसून हौशी मंडळींनीच तयार केलेली ‘एआरईडीएन’ नावाची मोफत आज्ञावली घालायची आणि नावाच्या जागी आपले कॉल साइन द्यायचे. मग ते यंत्र हवेत आपल्या भाईबंदांना हुडकू लागते. इंटरनेट नको, टेलिफोन कंपनी नको. निरोप, फोटो, आवाज या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत जातात. मधले एखादे घर बंद पडले तर दुसरी वाट आपोआप शोधली जाते.

मात्र एका घराच्या अँटेनाला दुसऱ्याचा अँटेना दिसला पाहिजे. मध्ये पानांनी डवरलेले झाड आले तरी बोलणे तुटते. आणि दुसरे घरच नसेल तर? फ्रिज एकट्याने आणावा, एकट्याने वापरावा. हे यंत्र एकट्याच्या घरी नुसता ठोकळा. म्हणून ज्यांना आजवर लांबून हात हलवला, त्यांच्याकडे जाऊन बसावे लागते. माणूसघाण्या नवऱ्यांच्या बायकांनी या छंदाचे आभारच मानायला हवेत!

यात गुपित मात्र राहत नाही. अर्थ लपवणारी सांकेतिक भाषा तिथल्या नियमांत बसत नाही, धंदाही करता येत नाही. बँकेची कामे आणि घरातल्या कुरबुरी यावर नकोत.

एवढा खटाटोप कशासाठी? ऑक्टोबर २०१९ मध्ये आगीच्या भीतीने कॅलिफोर्नियात वीज बंद ठेवली गेली, तेव्हा मरिन काउंटीतले निम्म्याहून अधिक मोबाइल टॉवर मुके झाले. त्याआधीच्या वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, पॅराडाइज गावाची राख झाली होती आणि त्या आगीत ८५ माणसे गेली होती. अशा वेळी बॅटरीवर चालणारे छपरावरचे यंत्र घराला जगाशी जोडून ठेवू शकते.

पण संकट काही नवरा घरी असण्याची वाट पाहत नाही. परवाना माणसाला मिळतो, घराला नव्हे. एरवी ज्या वस्तूला ‘ह्यांचा पसारा’ म्हणून नाके मुरडली, ती चालवायची कशी हे त्या दिवशी कुणाला ठाऊक असणार? परीक्षा घरातल्या दुसऱ्या माणसानेही द्यावी, ती यासाठी. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी रेडिओवरून मुख्य भूमीशी संपर्क साधून दिला. त्या तिथे हॅमच्याच मोहिमेसाठी गेल्या होत्या.

परीक्षेचा बाऊ नको. अमेरिकेत पहिल्या पायरीला ३५ प्रश्न असतात. २६ बरोबर आले की पास. मोर्सची टकटकही २००७ पासून लागत नाही. भारतात वयाच्या बाराव्या वर्षापासून परीक्षेला बसता येते. मात्र असे जाळे उभारायचे असेल, तर शिडी लावण्याआधी परवान्याच्या अटी वाचून घ्याव्यात.