मामांची येझदी

वडोदरा स्टेशनवरून रिक्षा केली की काळा घोडा, विश्वामित्रीचा पूल, कोठी, रावपुरा आणि मग दांडिया बाजार. दुकानांच्या पाट्या गुजराती, पण जुन्या वाड्यांच्या दारांवरची आडनावं आपली. गायकवाडांच्या राज्यात, विशेषतः सयाजीराव महाराजांच्या काळात, कितीतरी मराठी कुटुंबं नोकरीनिमित्त इथे आली आणि इथलीच झाली. आपली उसळही इथे रमली. वर शेव आणि तिखट तरी घालून ती ‘सेव उसळ’ म्हणून हातगाडीवर मिळते.

मी गेलो होतो मामांची येझदी आणायला. मामा कोयलीच्या रिफायनरीत होते. 1982 साली घेतलेल्या या गाडीवरून त्यांनी निवृत्तीपर्यंत ड्युटी केली. ते गेल्यापासून ती जिन्याखाली उभी होती. आता वाडा पाडायचा ठरला आहे, मामी मुलीकडे राहायला जाणार आहेत. भंगारवाला येऊन किलोचा भाव सांगूनही गेला होता.

तरुण मंडळींसाठी थोडं सांगतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1961 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या इथे बनवल्या. पुढे त्याच येझदी नावाने आल्या. कारखाना 1996 मध्ये बंद पडला. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. आणि गंमत म्हणजे किक आणि गियर एकाच दांडीचे: गाडी सुरू झाली की किकची दांडी पुढे वळवायची, तीच गियर होते.

गाडीची अवस्था बेताचीच होती. टायर चिरलेले, सीट उंदरांनी कुरतडलेली, टाकीत गंज. किक जाम. सोबत आलेल्या मेकॅनिकने जोर लावू दिला नाही. प्लग काढून त्या भोकातून ऑइल सोडलं आणि म्हणाला, आता चार दिवस हात लावू नका. जोर केला तर पिस्टनच्या रिंगा तुटतात.

पण जुनी गाडी घेताना लोखंडाआधी कागद पाहायचे असतात. मामींनी पत्र्याची पेटी उघडली. आरसी बुक होतं. चासीवरचा गंज घासला, आकड्यांवर खडू फिरवला, एकेक आकडा जुळला. मामी चष्मा सावरत मोठ्याने वाचत होत्या, मी ताडून पाहत होतो. आता गाडी आधी वारस म्हणून मामींच्या नावावर होईल, थकलेलं नोंदणीचं नूतनीकरण दंडासह होईल, मग दुसऱ्या राज्यात न्यायचं ना-हरकत पत्र. त्यानंतर ती रेल्वेच्या पार्सलने पुण्याला येईल. पेटीत एक छोटी वहीही होती. तारीख, किलोमीटर, किती लिटर पेट्रोल, किती ऑइल, सगळं मामांच्या बारीक अक्षरात.

टेम्पोत चढवताना गल्लीतली चार माणसं हात लावायला आली. गाडी मेकॅनिकच्या गॅरेजपर्यंतच जायची होती. टेम्पोवाल्याने विचारलं, “चालू थशे?” मामीच म्हणाल्या, “थशे, थशे.”

पैशांचा विषय काढला तर त्यांनी हातानेच थांबवलं. म्हणाल्या, “रंग काळाच ठेव. हे दुसरा लावू देत नव्हते. आणि सुरू झाली की मला फोन कर. बोलू नकोस काही, नुसता आवाज ऐकव.”