धार

माझा भाचा अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात असतो. परसात मेपलची झाडे आहेत. गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, "मामा, मेपलचा रस काढणार आहे. भोक पाडायला ड्रिलचं बिट 7/16 इंचाचं घेऊ की 5/16 चं?"

मी एम. ए. मराठी, मला काय कळणार! उत्तर त्याच्याचजवळ होते. मोठ्या भोकाने जखम मोठी होते, म्हणून हल्ली 5/16 चे बिट वापरतात. बिटाला धार हवी. भोक दीड-दोन इंचच खोल आणि आत किंचित चढते हवे, म्हणजे रस बाहेर वाहतो. असा चाळीसेक लिटर रस आटवला की लिटरभर पाक होतो. "रस घ्यायचा, पण झाड राखायचं," तो म्हणाला, आणि मला सुरतेतला 1996 चा हिवाळा आठवला.

थंडी पडली की सुरतेत सकाळी नीरा मिळते. मराठीत ती नीरा, गुजरातीत तो नीरो. आमची मुले दोन्ही लिंगे एका वाक्यात सुखाने नांदवतात. तेव्हा मी नववीचा वर्गशिक्षक होतो. एक मुलगा रोज उशिरा यायचा. एकदा त्याच्या कपड्यांना आंबूस वास आला. गुजरातेत दारूबंदी, मला ताडीचा संशय आला. भर वर्गात मी म्हणालो, "बापाचा धंदा शाळेत आणू नकोस." दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

चौथ्या दिवशी त्याचे वडील आले. तलासरीकडचे. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, उद्या पहाटे वाडीवर या."

गेलो. खजुरीवर, म्हणजे आपल्या शिंदीवर, ते कमरेला दोर बांधून चढले होते. मुलगा खाली मडकी उतरवून घेत होता. मडक्यांना आतून चुना लावलेला. त्याने रस आंबत नाही. उन्हे चढण्याआधी सगळे उरकायचे, म्हणून त्याला उशीर.

खाली आल्यावर वडिलांनी दोन हत्यारे दाखवली. जड कोयता झावळ्या तोडायला; पातळ पात्याचा, खोड तासायला. पातळ्याची धार त्यांनी मला बोटाने बघायला लावली. "बोथट असला तर झाड फाटतं. खोल गेला तर गाभा जातो. खजुरीला एकच गाभा, गुरुजी. तो गेला की झाड गेलं." म्हणून रोज पातळ ताशीव काढायची, मग काही दिवस झाडाला विसावा, आणि पुढच्या वर्षी दुसरी बाजू.

मी मुलाची वर्गासमोर माफी मागितली. दुसऱ्या तासाला येण्याची मुभा दिली. तो दहावी झाला. पण पुन्हा कधी त्याने माझ्या तासाला हात वर केला नाही.

2020 च्या जूनमध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने डहाणूत दोनशे कारागिरांना नीरेची हत्यारे दिली: सुऱ्या, दोर, कुऱ्हाडी, कढया. बातमी वाचताना वाटले, त्यांत तो असेल का?

मेपलची जखम काही वर्षांत नव्या लाकडाने झाकली जाते, असे भाचा सांगतो. खजुरीची खाच मात्र भरून येत नाही. झाड तिच्यासकट वाढते. मुख्याध्यापक झाल्यापासून नव्या शिक्षकांना मी एवढेच सांगतो: उशिरा आलेल्या मुलाला आधी एकट्याला विचारा.