मासा शेवटी कापायचा

लाकूड हलकं ठेवून भक्कम कसं करायचं, हे आमच्या घरात माशांसाठी कुणी शिकलं नव्हतं. वडील शर्यतीचे गाडे बांधायचे. आंबेगाव-जुन्नरच्या घाटांत, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, बारी सेकंदांत मोजतात. गाडा एका अंगाला जड झाला तर बैलांना आधी कळतं, माणसांना मागून, असं ते म्हणत. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळेपर्यंत आमच्याकडचं गाड्यांचं काम बसलं. मी दारं-खिडक्या आणि किचन ट्रॉल्यांकडे वळलो आणि त्यासाठी राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, घेतला.

त्याच काळात पुण्याचे एक हौशी गृहस्थ डिंभे धरणावरून परतताना दुकानात शिरले. हातात शेपटी मोडलेला बोटभर लाकडी मासा. ‘असाच दुसरा करून द्याल का?’ मी पटाशी आणि कानस घेऊन दोन तासांत करून दिला. पुढच्या रविवारी ते तो परत घेऊन आले. ‘सुंदर झालाय हो, पण गोल गोल पोहतो!’

याला गळवाले ल्यूर म्हणतात. पोटाखाली गळ, हनुवटीला तिरकी पारदर्शक जीभ. दोर ओढला की पाणी जिभेवर आपटतं, मासा बुडी मारतो आणि डावी-उजवीकडे हेलकावे घेतो. जखमी मासोळी समजून मरळ त्याच्यावर तुटून पडते. दोन्ही कुशी सारख्या असतील तरच हे जमतं. एक कूस अर्धा मिलिमीटर फुगीर राहिली तर मासा एका बाजूला पळत सुटतो. गाड्याचंच गणित, फक्त बोटभर लांबीचं.

फिनलंडच्या लाउरी रापाला या कोळ्याने १९३६ मध्ये असा मासा बुचातून कोरला. हत्यार चांभाराची सुरी, वरून चॉकलेटचा चंदेरी कागद, त्यावर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून दिलेला लेप. त्याच्या हाताला ते साधलं. माझ्या हाताला पहिला बरा साधतो, पाचवा तसा होत नाही. म्हणून राउटर.

लाकडाबद्दल थोडं. साग मी यात वापरत नाही, म्हटलं तर गिऱ्हाईक रुसतं. सागाचं वजन पाण्याच्या साधारण दोन तृतीयांश. गळ आणि शिसं चढवल्यावर तरंगायला फारसं काही उरत नाही. पांगारा त्याच्या निम्म्याने हलका, सावंतवाडीची खेळणी त्याचीच होत. पण तो मऊ, कटरखाली त्याला लव सुटते. शेवटच्या फेरीआधी पातळ चंद्रसाचा हात मारावा लागतो. माझा कौल शिवणीला. दोन्हींच्या मधलं वजन, रेषा सरळ, आणि वाळल्यावर सहसा पिळत नाही.

आता मुख्य गोष्ट. नव्वद मिलिमीटरचा मासा करायचा तर नवखा माणूस शंभर मिलिमीटरचा तुकडा कापतो आणि चिमटीत धरून राउटरवर नेतो. इथेच दोन्ही गोष्टी जातात, मासाही आणि बोटही. मी अठरा मिलिमीटर जाडीची, दीड फूट लांबीची पट्टी घेतो. दोन्ही टोकांना एकेक मासा, नाक बाहेर, शेपटी आत. मधलं उरलेलं लाकूड म्हणजे मूठ. दोन्ही हात तिथे, कटरपासून लांब. लांब पट्टी टेबलावर सपाट बसते, थरथरत नाही, म्हणून काप स्वच्छ येतो. जे बोट वाचवतं तेच मासा सारखा करतं.

पट्टी चौकोनी आहे तोवरच मध्यरेषा आखायची, शिशाची आणि गळाच्या आकड्यांची भोकं पाडायची, जिभेची तिरकी खाच करवतायची. गोल झालेल्या पोटावर गुण्या लागत नाही. मग प्लायचा फर्मा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवायचा, जास्तीचं लाकूड करवतीने काढायचं आणि बेअरिंगच्या कटरने फर्म्याबरोबर करायचं. शेवटी गोलाई. अठरा जाडीला नऊचा गोलाईचा कटर लावला की झालं, असं वाटतं. मीही लावला होता. पहिली बाजू छान आली; पट्टी उलटल्यावर बेअरिंगला टेकायला सपाट जागाच उरली नाही आणि कटर पोटात घुसला. म्हणून सहाचा कटर, तोही दोन फेऱ्यांत. मधे सहा मिलिमीटरची सपाट पट्टी राहते, ती पॉलिश पेपरने मोडायची.

टेबलाखाली उलट्या बसवलेल्या राउटरचा कटर आपल्या बाजूला डावीकडून उजवीकडे धावतो. लाकूड उजवीकडून डावीकडे, त्याच्या तोंडावर द्यायचं. उलट दिलं तर तो पट्टी हातातून ओढून नेतो. सुरुवात टेकणखिळीला टेकून आणि पोटापासून. नाकाच्या टोकापासून कधीच नाही, ते टोक पकडलं जातं आणि ढलपी उडते. हातमोजे घालायचे नाहीत. मास्क मात्र हवाच; लाकडाचा भुसा कर्करोगाला कारण ठरतो, हे आता जागतिक पातळीवर मान्य आहे.

माझा अपघात मात्र कटरने झाला नाही, विजेने झाला. काम चालू असताना लाईट गेली. बटण चालूच राहिलं आणि मी पाना लावून कटर बदलायला बसलो. लाईट आली. पाना अंगठ्याचं नख घेऊन पत्र्यावर आदळला. शेजारच्या बागायतदाराने बघून विचारलं, ‘अरे, स्टार्टर नाही का लावला?’ पंपाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की तो सुटतो, परत हिरवं बटण दाबल्याशिवाय लागत नाही. आमच्याकडे रात्री उसात बिबट्या असतो म्हणून शेतकरी वर ऑटो बसवतात, पंप आपला आपण चालू व्हावा म्हणून. पंपाला ते ठीक. राउटरला मी साधा सिंगल फेज स्टार्टर बसवला, ऑटोशिवाय.

कटरची दांडी कॉलेटमध्ये तळापर्यंत टेकवू नका, दोन मिलिमीटर वर उचलून आवळा. रंग हवा तो द्या, माशाला कमी आणि गिऱ्हाइकाला जास्त दिसतो. पट्टीवरून मासा सोडवायचा तो सगळ्यात शेवटी, हातकरवतीने.

दिवाळीनंतर पाणी निवळतं, तेव्हा धरणावर जाल. ज्या जलाशयाचा ठेका तिथल्या मच्छीमार संस्थेकडे असेल, तिथे आधी त्यांना विचारा. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे. खवल्यांचा मोठा महाशीर लागला तर सोडून द्या. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये ‘खुद्री’ हे नाव दिलेला महाशीर पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला, आणि मुळा-मुठा मिळते त्याच भीमेला डिंभ्याची आपली घोड नदीही मिळते. फर्मे हवे असतील तर या, प्लायवर आखून देतो, पैसे घेत नाही. फक्त येण्याआधी राउटरला स्टार्टर बसवलेला असू द्या.