खाड्याचा हिशेब

लालबागेतील माझ्या दवाखान्यावर कामगार विम्याच्या पॅनेल डॉक्टरची पाटी लागली, त्या वेळी माझी प्रामाणिक समजूत अशी होती की रोगाचे निदान हे वैद्याचे काम आणि नोकरीचा निकाल हे मालकाचे. या दोन दफ्तरांमधील पडदा किती विरळ आहे, हे मला पुढे गिरणीकामगारांनीच शिकविले.

कार्डिंग खात्यातील माणसे कापसाच्या धुळीने खोकत, आणि रविवारची सुट्टी भोगून सोमवारी पाळीवर गेले की छाती आवळल्यासारखी होते, ही त्यांची तक्रार म्हणजे बिसिनोसिस या व्याधीचे ग्रंथोक्त लक्षण होय. परंतु मालाला उठाव असला आणि कामगार भरणाऱ्या जॉबरला माणसांची वानवा भासू लागली, म्हणजे हा खोकणारा मनुष्य चार खाडे करूनही नोकरीत टिके. त्याच्या जागी बदलीवाला उभा राही आणि तो बरा होऊन परतला की त्याची जागा त्याला मिळे. मंदी आली की मात्र तेच खाडे हजेरीपत्रकावर उठून दिसू लागत. छाती तीच, खोकला तोच. केवळ बाजाराची सहनशक्ती आटलेली असे. म्हणूनच तेजीत जो माझ्याकडे आजारपणाचा दाखला मागावयास येई, तोच मंदीत अंगात ताप असताना हात जोडून म्हणे, "डॉक्टरसाहेब, आजारी लिहू नका, फिट लिहा." अशा दिवसांत दाखल्यांची संख्या घटते आणि कचेरीतल्या माणसाला प्रजा निरोगी झाल्याचा भास होतो.

आकड्यांची दुसरी फसवणूक याहून सूक्ष्म आहे. फिनलंडमध्ये 1990 च्या सुमारास बेकारी तीन टक्क्यांच्या आसपास होती, ती चार वर्षांत सोळा टक्क्यांच्या वर गेली. मार्टिकाइनेन आणि वाल्कोनेन या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवून दिले की, बेकारी अल्प असताना ज्यांची नोकरी गेली, त्यांच्यातील मृत्यूचे आधिक्य मोठे होते. बेकारी सार्वत्रिक झाल्यावर ज्यांची गेली, त्यांच्यात ते बरेच कमी आढळले. सुकाळात काम गमावणारा बहुधा आधीच दुखणाईत वा व्यसनग्रस्त असतो; दुष्काळात धडधाकट माणसेही त्याच पंक्तीला येऊन बसतात आणि पंक्तीची सरासरी सुधारते. यावरून बेकारी निरुपद्रवी आहे असे अनुमान काढणे म्हणजे मात्र कार्यकारणभावाची गल्लत होय.

ही गल्लत टाळावयाची, तर व्यक्ती पाहून नव्हे तर घाऊक कपात झाली तेथे पाहावे, कारण तेथे कोणाचा खोकला कोणी मोजलेला नसतो. सुलिव्हन आणि फॉन वाख्तर या संशोधकांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हेच केले. 1970 आणि 1980 च्या दशकांत तेथील कंपन्यांनी घाऊक कपात केली, तीत वर्षानुवर्षांच्या नोकरीवर पाणी सोडावे लागलेल्या पुरुषांचे मृत्युप्रमाण लगतच्या वर्षात 50 ते 100 टक्क्यांनी वाढलेले त्यांना आढळले आणि वीस वर्षांनंतरही त्या वाढीचा काही अंश शिल्लक होता. निरोगी माणसालाही गेलेली नोकरी आजारी पाडते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

असा पुरावा माझ्या उंबरठ्यावरही चालून आला होता. यंत्रमागांच्या स्पर्धेने आधीच खिळखिळ्या झालेल्या मुंबईच्या कापडगिरण्यांच्या धंद्यात 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतील कित्येकांना गिरणीचा भोंगा पुन्हा ऐकावयास मिळाला नाही. परंतु विम्याची तजवीज पगारातून कापल्या जाणाऱ्या हप्त्यावर उभी. पगार थांबला की हप्ता तुटतो आणि ठरीव मुदत सरली की औषधाचा हक्कही तुटतो. ज्यांना दम्याच्या गोळ्या रोज लागत, ते प्रथम अर्ध्या गोळीवर आले, मग कोकणातील गावी गेले. मी लिहून ठेवलेली त्या काळची नोंदवही आजही माझ्या कपाटात आहे. गिरणगाव सर्वांत आजारी असताना तिच्यातील पाने सर्वांत कोरी आहेत.