दोन भिंतींपलीकडची आई

आमच्या घरी एकाच डब्यातून दोन वायफाय निघतात. एक २.४ गिगाहर्ट्‌झचं, दुसरं ५ चं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, ५ च्या लहरींना रस्ता रुंद. एका वेळी जास्त माल जातो." मी मान डोलावली. न कळता मान डोलावण्याचा माझा वेग कुठल्याही गिगाहर्ट्‌झला ऐकायचा नाही.

झालं, सगळ्यांचे फोन ५ वर लागले. आईचासुद्धा. रविवारी ताईचा व्हिडिओ कॉल आला, आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आई कळवळली, "अगं, बोल की! काय झालं गं बाई?" ताईला काही झालं नव्हतं. कंपनं वाढली की लहरींना भिंती सोसत नाहीत, आणि आईची खोली दोन भिंतींपलीकडे!

१८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी याहून घाईच्या लहरी भिंतीपार धाडून घंटा वाजवली होती. पण त्यांचं यंत्र आमच्या चिरंजीवांनी बसवलं नव्हतं.

आईचा फोन पुन्हा २.४ वर आणला. तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी. मायक्रोवेव्ह लागला की ताई अडखळते. पण चित्र धूसर का होईना, बोलतं.

"हेच बरं," आतून आईचा आवाज आला. "हळू का होईना, माझ्या खोलीपर्यंत येतं तरी."

मी दिवाणखान्यात ऐकलं. उठलो, आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.