रेणापूरची येळवस आणि माझं ‘नाही’

"ताई, एवढं जरा करून द्याल का हो?" असं कुणी विचारलं की तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? माझ्या तोंडून ‘हो’ निघतो. समोरचीचं वाक्य संपायच्या आत निघतो! मग फोन ठेवल्यावर मी कपाळाला हात लावते. बरं, नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही. हाती घेतलेलं काम असं झालं पाहिजे की बघणाऱ्याला बोट ठेवायला जागा सापडू नये. माझ्या आईनं लावलेली ही सवय. तिला तिच्या आईनं लावली असणार.

गेल्या येळवसेला आम्ही रेणापूरला निघालो, तेव्हा माझ्या पिशवीत कपडे कमी आणि कामंच जास्त होती. मी लातूरला एका शाळेत अर्धवेळ शिकवते. त्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं निवेदन लिहायचं होतं. चाळीस वह्या तपासायच्या होत्या. शेजारच्या वहिनींच्या दोन साड्यांना फॉल लावायचे होते आणि महिला मंडळाच्या संक्रांतीच्या वाणाची यादी करायची होती. पिशवी उचलून बघून हे म्हणाले, "येळवसेला चाललोय की बिऱ्हाड हलवतोय?" मी हसले, पण खांदा दुखतच होता.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. पुण्या-मुंबईच्या भगिनींना हा सण फारसा ठाऊक नसेल. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांचा हा खास सण. आसपासच्या नांदेड-सोलापूरच्या काही भागातही तो होतो आणि शेजारच्या कर्नाटकातही याच अमावास्येला माणसं शेतात जेवायला जातात. आमच्याकडे या दिवशी शाळा-कचेऱ्यांना स्थानिक सुट्टी असते. शहरातले रस्ते ओस पडतात आणि शिवारं माणसांनी फुलून जातात. ज्याला शेत नाही, त्यालाही दहा जणांची आमंत्रणं असतात.

लातूरहून उत्तरेला अंबाजोगाईच्या वाटेवर वीसेक किलोमीटरवर रेणापूर. आमच्या मामंजींचं गाव. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माझ्या चकरा वाढल्या आहेत. शहर मागं पडलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. त्या दिवसांत ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, मधूनच करडईचे पट्टे. गावाजवळून वाहते ती रेणा नदी. ती पुढं मांजरेला मिळते. मामंजी आम्हाला इतिहास सांगताना नेहमी दोन तारखा सांगत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं आणि १५ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला. आता रेणापूर तालुक्याचं ठिकाण आहे. कचेऱ्या आल्या, दुकानं वाढली. पण येळवसेच्या आदल्या दिवशी सगळा बाजार भाजीपाल्याचाच असतो, त्यात फरक पडलेला नाही.

संध्याकाळी आत्याबाई म्हणाल्या, "चल, देवीला जाऊन येऊ." देवी म्हणजे रेणुका. तिचं देऊळ हे गावाचं भूषण. माझी लेक, चौथीतली, आमच्याबरोबर होती. ओटी भरली, कुंकू लावलं आणि आम्ही ओवरीत टेकलो. लेकीनं विचारलं, "आजी, रेणुका कोण होती?" आणि आत्याबाईंनी गोष्ट सांगायला घेतली.

तुम्हालाही ती ठाऊक असेल. रेणुका ही जमदग्नी ऋषींची बायको. रोज पहाटे नदीवर जायची, ओल्या वाळूचं मडकं घडवायची, सापाची चुंबळ करून ते डोक्यावर घ्यायची आणि पाणी आणायची. मन एकाग्र, म्हणून वाळूचं मडकंही टिकायचं. एके दिवशी पाण्यात क्रीडा करणारा गंधर्व तिच्या नजरेस पडला. क्षणभर मन ढळलं आणि मडकं विरघळून गेलं. ऋषी संतापले. त्यांनी मुलांना हुकूम केला, आईचं डोकं उडवा. चार मुलांनी ऐकलं नाही, त्यांना बापाचा शाप मिळाला. पाचव्या परशुरामानं ऐकलं. पुढं बापानं वर माग म्हटल्यावर त्यानंच मागितलं, आई जिवंत होऊ दे, भाऊ पूर्ववत होऊ देत आणि आईला यातलं काही आठवू नये.

लेक गप्प झाली. मग म्हणाली, "पण आजी, तिनं इतके दिवस पाणी आणलं होतं ना? एकच दिवस चुकला."

"तेच की गं," आत्याबाई म्हणाल्या. "हजार दिस आणलं ते कुणी मोजलं न्हाई. एक दिस सांडलं ते जगाला ठावं."

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. कीर्तनात ऐकली, पुस्तकात वाचली. दरवेळी पातिव्रत्याचं तेज म्हणून ऐकली. त्या ओवरीत पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की वाळूचं मडकं रोज न फुटता आणायचं हा नियमच किती अवघड! आणि दुसरं असं, की जिचं मडकं कधीच फुटलं नाही अशी बाई आपण कुठं पुजतो? पुजतो ती जिचं मडकं फुटलं तिलाच. साडेतीन पीठांपैकी एक असलेल्या माहूरला, आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, रेणुकेचं नुसतं मुख आहे, तांदळा म्हणतात त्याला. सगळा मराठवाडा, विदर्भ तिथं डोकं टेकतो.

रात्री जेवणं आटोपली. मी दिव्याखाली निवेदन घेऊन बसले. चार वेळा लिहून झालं होतं, पाचव्यांदा लिहीत होते. लेक शेजारी सुट्टीचा अभ्यास करत होती. फर्रकन आवाज आला. तिनं पान फाडलं होतं. थोड्या वेळानं आणखी एक. मी वैतागून विचारलं, "अगं, वही संपवतेस का? काय चुकलं?"

"रेघ वाकडी गेली."

"मग खोडून पुढं लिहायचं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे भरलेले. म्हणाली, "तुला चालत नाही."

भगिनींनो, तिला मी कधी पान फाड म्हटलेलं नाही. मी फक्त रोज तिच्यासमोर माझी पानं फाडत आले. माझ्या पायाशी त्या रात्री चार चुरगळलेले कागद पडले होते, तिच्या पायाशी तीन. मला झोप लागली नाही.

पहाटे चारला चुली पेटल्या. येळवसेचा स्वयंपाक म्हणजे मोठा पसारा. मुख्य ती भज्जी. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, पावटा, शेंगदाणे, मेथी, पालक, चुका, आणखी हाताला येईल ती भाजी. सगळं शिजवायचं, चिंचेचा कोळ घालायचा, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ लावायचं आणि लसूण-हिरव्या मिरचीची चरचरीत फोडणी द्यायची. बाजरीचे उंडे, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर. आणि आंबील. ज्वारीचं पीठ शिजवून गार करायचं, आंबट ताक, लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर घालायची आणि मातीच्या मडक्यात रात्रभर ठेवायची. (पीठ आधी गार पाण्यात कालवून मगच आधणात सोडावं, गुठळी होत नाही.)

दोन वर्षांमागं माझ्या हातून भज्जीचं पीठ जरा तळाला लागलं. कुणाला कळलंही नसतं. पण मी अख्खं पातेलं बाजूला ठेवलं आणि दुसरी भज्जी शिजवली. शेतात पोचायला उशीर झाला, पान वाढायला तीन वाजले, लहान लेकरं भुकेनं रडून झोपून गेली. सगळ्यांनी भज्जी वाखाणली आणि मी ते कौतुक वर्षभर पुरवून खाल्लं. झोपलेली लेकरं मात्र मला त्या पहाटे आठवली.

या खेपेला पिठाच्या दोन-चार गुठळ्या राहिल्या. मी पळी घेऊन मोडत बसले, तर आत्याबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. भज्जीच हाय ती. तिच्यात काय सरळ अन् काय वाकडं? कशाला जिवाला लावून घेतीस?" मी पळी ठेवली. खरं सांगते, हात शिवशिवत होता!

नऊला आम्ही शेताकडं निघालो. बायकांच्या डोक्यावर टोपल्या, पुरुषांच्या हातात पाण्याच्या घागरी. लेकीनं हट्टानं आंबिलीचं लहान मडकं घेतलं होतं. ओढा ओलांडून बांधावर चढताना तिचा पाय निसटला. ती पडली नाही, पण मडकं पडलं आणि फुटलं. पांढरी आंबील काळ्या मातीत मुरत गेली.

ती ओरडली नाही की रडली नाही. तिनं फक्त माझ्या तोंडाकडं पाहिलं. चेहरा असा पांढरा पडलेला, की मला कालची गोष्टच आठवली. नऊ वर्षांचं लेकरू आईच्या तोंडाकडं असं का पाहावं?

माझ्या जिभेवर "अगं, नीट धरता येत नाही?" आलंच होतं. मी ते गिळलं. खाली बसले, तिच्या पायाला लागलंय का पाहिलं आणि म्हटलं, "मोठं मडकं आहे मागं. पुरेल सगळ्यांना." मागून आत्याबाई म्हणाल्या, "आज तर आंबील शेतातच शिंपडायची असती. तू जरा आधी शिंपडलीस!" सगळे हसले. लेकही हसली, जरा उशिरानं, माझं तोंड पुन्हा एकदा पाहून.

शेतात कडब्याची कोपी उभी होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली, नैवेद्य झाला. पिकावर आंबील शिंपडत घरची माणसं शिवाराला फेरी घालून आली. मग पंगत बसली. भज्जीतल्या गुठळ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एक पाहुणे तर तिसऱ्यांदा मागून घेते झाले.

बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं. त्यात डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज डॉक्टरांबद्दल वाचलं होतं. हजारो आया-लेकरं तपासलेल्या या माणसानं १९५३ साली मांडलं, की लेकराला बिनचूक आई लागत नाही, पुरेशी चांगली आई लागते. आई थोडी थोडी कमी पडत गेली, तर लेकरू जगात वावरायला शिकतं. परीक्षेत मी यावर पान भरून उत्तर लिहिलं होतं. त्याचा अर्थ मला बांधावर कळला.

जेवणं झाल्यावर आंब्याखाली बसून मी मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला. निवेदन झालेलं होतं, चौथ्या खेपेलाच चांगलं झालं होतं. तेच देते म्हणाले. त्या म्हणाल्या, "छान! मग पडद्याची रंगरंगोटीही तुम्हीच बघाल ना? तुमच्यासारखं कुणाला जमत नाही हो." हे वाक्य ऐकलं की मी विरघळते, वाळूच्या मडक्यासारखी. त्या दिवशी म्हटलं, "नाही बाई, या वर्षी मला जमणार नाही." पलीकडं क्षणभर शांतता. मग "बरं, बघते" असं ऐकू आलं. एवढंच! आभाळ कोसळलं नाही. पडदा दहावीच्या मुलींनी रंगवला. डोंगर जरा तिरके आले, पण मुली त्यापुढं ताठ मानेनं नाचल्या.

सगळं असंच गोड झालं असं मात्र नाही. साड्या फॉल न लावता परत केल्या, तेव्हा शेजारच्या वहिनी पंधरा दिवस माझ्याशी तुटक बोलल्या. मला वाईट वाटलं. अजूनही ‘नाही’ म्हणताना घशाशी आवंढा येतो. पण एक-दोन गोष्टी अनुभवानं कळल्या, त्या सांगते. लगेच उत्तर देऊ नये, "उद्या सांगते" म्हणावं. रात्रीत ‘हो’चा जोर ओसरतो. नाही म्हणताना कारणांची माळ लावू नये. कारण सांगितलं, की समोरची त्यावर उपाय सुचवते! आणि ज्याला मनापासून हो म्हणायचंय, त्याच्यासाठी हात मोकळे ठेवायचेत, हे स्वतःला सांगावं.

दिवस मावळताना गवताचा हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवला आणि आम्ही घरी परतलो. रात्री लेक पुन्हा वही घेऊन बसली. एक शब्द चुकला. तिनं माझ्याकडं चोरून पाहिलं. मी मुद्दाम खाली मान घालून वह्या तपासत राहिले. तिनं त्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि पुढं लिहू लागली.

पान फाटल्याचा आवाज त्या रात्री आला नाही.